दोनशे बासष्टावा

एप्रिल २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात तीन दिवस मुलांची निवड चालली होती. एका बाजूला व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ, दुसऱ्या बाजूला कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू. एकेक नाव पुकारले जात होते, टाळ्या पडत होत्या, आया डोळे पुसत होत्या. या सोहळ्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. तिसऱ्या दिवशी, सातव्या फेरीच्या अगदी शेवटी, दोनशे बासष्टाव्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी हे नाव पुकारले गेले. त्याच्यानंतर कोणीच नव्हते.

या शेवटच्या मुलाला अमेरिकेत एक खास पदवी मिळते : 'मिस्टर इर्रेलेव्हंट'. आपल्या भाषेत सांगायचे तर 'श्रीयुत बिनमहत्त्वाचे'. पॉल सलाटा नावाच्या एका माजी खेळाडूने १९७६ साली ही प्रथा सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच या गावी त्या मुलाचा सत्कार होतो, त्याला एक करंडकही देतात. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला जो हाइझमन करंडक मिळतो, त्याचेच हे विडंबन. या करंडकावरच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटताना दाखवला आहे. थट्टा प्रेमळ आहे हे खरे. पण शेवटी ती थट्टाच.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे, हे वाचकांना ठाऊक असेलच. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड सरकायचे. या खेळात क्वार्टरबॅक हा सेनापती. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी त्याच्या हाती येतो. समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावून येत असतात आणि चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. संघाची सारी मदार या एका मुलावर. म्हणूनच त्याची निवड करताना भलेभले चक्रावतात.

निवडीआधी परीक्षा असते. दरवर्षी इंडियानापोलिस शहरात निवडक मुलांना बोलावून त्यांची उंची, वजन, हाताची लांबी, इतकेच काय तळव्याची रुंदीही मोजतात. चाळीस यार्ड धावायला किती सेकंद लागले याची नोंद होते. आपल्याकडच्या जुन्या काळच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण व्हावी असा हा प्रकार. जरा उभी राहा, चालून दाखव, उंची किती? फरक इतकाच, की इथे घड्याळ आणि टेप घेऊन तज्ज्ञ बसलेले असतात. मुलाची मुलाखतही होते, त्याचे जुने सामनेही बारकाईने पाहिले जातात. पण गर्दीत दोन सेकंदांत त्याचे डोके थंड राहील की नाही, हे मोजायची टेप अजून निघालेली नाही.

पर्डी ॲरिझोनातला. आयोवा राज्यातल्या एम्स गावी आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत तो शिकायला आणि खेळायला गेला. तिथेही आरंभी तो रांगेत मागेच होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध त्याला अचानक मैदानात उतरवले गेले आणि या अठरा वर्षांच्या मुलाने सामना ४८-४२ असा जिंकून दिला. नंतरची जागा त्याचीच झाली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या संघाने ओरेगॉनला हरवून मानाचा फिएस्टा बोल जिंकला. एवढे सगळे वहीत नोंदलेले असूनही त्याच्याआधी आठ क्वार्टरबॅक निवडले गेले. उंची क्वार्टरबॅकच्या मानाने बेताची, खांद्यात फार जोर नाही, असे तज्ज्ञांचे मत पडले.

क्रमांक हा नुसता मानाचा प्रश्न नसतो. २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार त्याच्या निवडीच्या क्रमांकावरच ठरतो आणि पहिली तीन वर्षे तो बदलून मागता येत नाही. पर्डीला निवडणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाकडे आधीच ट्रे लान्स नावाचा तरुण क्वार्टरबॅक होता. २०२१ साली त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेता यावे म्हणून संघाने पहिल्या फेरीतल्या आपल्या तीन निवडी देऊन टाकल्या होत्या. लान्सचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ४१ लाख डॉलरचा, पर्डीचा चार वर्षांचा सुमारे ३७ लाखांचा. एकाच खोलीत बसून एकच पाठ गिरवणाऱ्या दोन मुलांच्या भावात नऊपट अंतर!

पुढे जे घडले ते कादंबरीत लिहिले असते तर संपादकाने 'जरा अतीच होते आहे' म्हणून परत पाठवले असते. १८ सप्टेंबर २०२२ रोजी लान्सचा घोटा मोडला. त्याच्या जागी अनुभवी जिमी गरॉपलो आला. ४ डिसेंबरला मायामीविरुद्ध त्याचा पाय मोडला. आता खुर्चीत उरला होता तो दोनशे बासष्टावा. तो उतरला आणि सामना ३३-१७ असा जिंकला. पुढच्या रविवारी सुरुवातीपासून खेळण्याची पहिली संधी मिळाली, तीही कोणासमोर? पंचेचाळीस वर्षांच्या टॉम ब्रेडीसमोर. सात सुपर बोल जिंकलेला हा महापुरुष स्वतः २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. त्या वेळी पर्डी चार महिन्यांचा तान्हा होता. फोर्टीनायनर्सनी तो सामना ३५-७ असा जिंकला. प्रेक्षकांत बसलेल्या पर्डीच्या वडिलांचे पाणावलेले डोळे साऱ्या अमेरिकेने दूरदर्शनवर पाहिले.

हे मैदान सांता क्लारात आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे त्याच परिसरात संगणकाच्या कंपन्यांत नोकऱ्या करतात. त्यांच्या घरातली तिथे वाढणारी पोरे क्रिकेटइतक्याच हिरिरीने या खेळाबद्दल बोलतात. तेव्हा ही गोष्ट आता आपल्या घरापासून फार लांबची राहिलेली नाही.

त्या हंगामात पर्डी सलग जिंकत गेला. मग जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियात त्याच्या उजव्या कोपराचा स्नायुबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरात तो परतला आणि २०२३ च्या हंगामात ४,२८० यार्डांच्या फेकी करून त्याने संघाच्या इतिहासातला विक्रम केला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये त्याचा संघ जादा वेळेत २५-२२ असा हरला. त्या साऱ्या वर्षाचा त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. आपल्याला तो डोंगराएवढा वाटेल. पण त्या पेशात क्वार्टरबॅकच्या हाती पडणाऱ्या रकमांपुढे तो किरकोळच. मे २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला, तेव्हा कुठे बाजाराने आपला जुना भाव दुरुस्त केला.

या गोष्टीचे तात्पर्य काय? 'कष्ट करा, देव पाहतो आहे,' असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. अमेरिकेत कॉलेजांसाठी सत्तर हजारांहून अधिक मुले फुटबॉल खेळतात आणि ड्राफ्टमध्ये दरवर्षी जेमतेम अडीचशेंची नावे पुकारली जातात. उरलेली मुले कष्ट करत नाहीत असे थोडेच आहे? दोन सहकाऱ्यांची हाडे मोडली नसती तर पर्डीही कदाचित दोन-तीन वर्षे खुर्ची उबवून घरी गेला असता आणि तज्ज्ञांचे भाकीत बरोबर होते असे आपण म्हटले असते. त्याचे गुण मात्र तेव्हाही तेच असते. एरवी आपल्याला ते दिसले नसते, एवढेच.

बँकेत मी अनेक वर्षे कर्जप्रकरणे हाताळली. अर्जासोबत तारणाचे कागद असतात, जामीनदार असतात, ताळेबंद असतो. ते तपासावेच लागतात, कारण पैसा ठेवीदारांचा असतो. पण अर्जदाराची नियत आणि अडचणीच्या दिवसातली त्याची चिकाटी कोणत्याही रकान्यात बसत नाही. रकाना नाही म्हणून ती गोष्टच नाही, असे मानण्याची सवय मात्र आपल्याला सहज लागते. मोजमाप वाईट नाही. त्याच्या मर्यादेचा विसर पडणे वाईट.

आणि या विसराचा बळी फक्त शेवटचाच ठरतो असे नाही. ट्रे लान्सकडे पाहा. निवडला गेला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. कॉलेजात त्याचा एकच हंगाम पुरा झाला होता. पुढचा करोनाने गिळला. एका हंगामाच्या भांडवलावर त्याच्या माथी भविष्याचा केवढा बोजा चढवला गेला! फोर्टीनायनर्सकडून सुरुवातीपासून तो चारच सामने खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकण्यात आले. लोक म्हणाले, 'तो फुकट गेला.' चार सामन्यांत माणूस फुकट जातो का? त्याला चुकायला वेळच मिळाला नाही. पर्डीला कमी लेखणारी टेप आणि लान्सला डोक्यावर चढवणारी टेप एकच होती.

ड्राफ्टच्या रचनेत मला एक विसंगती दिसते. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत तळाला असतो त्याला पहिली निवड मिळते, म्हणजे दुबळ्याला हात देण्याचे तत्त्व तिथे आहे. ही दया हरलेल्या संघासाठी आहे. तळाच्या मुलाच्या वाट्याला मात्र विनोद आणि सर्वांत कमी पगार. तरीही एका गोष्टीचे श्रेय फोर्टीनायनर्सना द्यायला हवे. हंगामाच्या आरंभी त्यांनी एका अनुभवी, जास्त पगाराच्या क्वार्टरबॅकला निरोप दिला आणि तिसरी खुर्ची पर्डीसाठी राखली. तो सरावाला येत राहिला, संघाचे डावपेच पाठ करत राहिला. म्हणून वेळ आली तेव्हा तो तयार होता. गुणवंत हेरण्याचा दावा कोणीही करावा. संस्थेची खरी पारख ती आपल्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्याला काय शिकवते यावरून होते.

आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल लागला की काही घरांत पेढे येतात आणि काही घरांत आवाज खाली जातात. टक्के खोटे नसतात. ते त्या परीक्षेपुरते खरे असतात. आपण मात्र त्यांच्यावरून मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा भाव ठरवतो. शेवटच्या मुलाची तिसरी खुर्ची काढून घेतो आणि पहिल्या मुलाकडून चुकण्याची मुभा. दोघांनाही ते महागात पडते.

अमेरिकेतला पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. इतिहासातला पहिल्या क्रमांकाचा तो मुलगा म्हणजे शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पहिल्या हाइझमन करंडकाचा मानकरीही तोच. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो पुढे खेळला नाही. त्याने दुसरा व्यवसाय धरला आणि त्यात नाव काढले. ड्राफ्टच्या यादीतले पहिलेच नाव असे निघाले, तरी यादीवरचा लोकांचा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. यादी हवीच, पण तिच्याकडे पाहताना बरवँगर आणि पर्डी या दोघांची नावे आठवावीत, एवढेच सांगणे आहे.