वाचनालयाची एक भिंत दिव्यांग कलाकारांनाही द्या



माझा भाचा जन्मतः कर्णबधिर आहे. चित्रे फार सुरेख काढतो. मागे एका दिव्यांग दिनी, 3 डिसेंबरला, त्याला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिले. त्याने नेलेली चित्रे मात्र मंचामागे गुंडाळलेलीच राहिली. घरी येताना त्याने खुणेने एवढेच विचारले, ‘चित्रं कुणी पाहिली?’

सत्कार दहा मिनिटांत संपतो. चित्राला भिंत लागते आणि रोज येणारी माणसे लागतात. जहांगीर कलादालन मुंबईत. पुसदच्या पोराने तिथवर कधी पोहोचायचे? वाचनालय गावातच आहे. सकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात, दिवसभर स्पर्धा परीक्षेची मुले बसतात.

‘वाचनालय पुस्तकांसाठी असते,’ असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, म्हणजे आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाचा. ‘सार्वजनिक’ हा शब्द त्याच्या नावातच आहे. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 29 वे कलम दिव्यांग कलाकार-लेखकांना सुविधा आणि पाठबळ देण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकते. नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यातून चार चौकटी आणि पायऱ्यांशेजारी एक उतार नक्कीच होईल.

माझा एक आग्रह आहे. चित्राखाली नाव आणि किंमत लिहा, अपंगत्वाचा प्रकार लिहू नका. निवडही कसोशीने करा. दृष्टी गेल्यावर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी कागद कापून कोलाज केले. ती कलाकृती म्हणूनच पाहिली जातात, कीव म्हणून नव्हे. भाच्यालाही कोणी ‘हा रंग इथे चुकला’ असे सांगितले, तर ते त्याला शालीपेक्षा जास्त आवडेल.

भिंतीजवळ एक टेबलही असावे. आपल्या भागातल्या तांड्यांवर बंजारा भरतकाम होते. दिव्यांग भगिनींनी केलेले असे काम तिथे मांडावे आणि हात लावू द्यावा. त्यातला टाका, कवडी, आरसा अंध वाचकाच्या बोटांना सहज कळतो.

पुसदमधल्या कुठल्याही वाचनालयाने महिनाभरासाठी एक भिंत द्यावी. खिळे, दोरी आणि चौकटी मी आणून देतो. लावायला भाचा येईल.

— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)