दश्शीची किंमत कोण ठरवतं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खानदेशात सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. बापे माणसं पत्ते घेऊन बसतात. जळगाव-धुळ्याकडच्या गावांत निंबाखाली, पारावर, खळ्यात डाव पडलेले दिसतात. मग पेपरात ठरलेली बातमी येते: झन्नामन्ना हा पत्त्यांचा जुगार खेळणाऱ्यांवर छापा, रोकड आणि पत्त्यांचा कॅट जप्त, जुगार कायद्याचं कलम १२ (अ). सणाला तरी सोडा, असं एक बाजू म्हणते. जुगार तो जुगारच, असं दुसरी. डाव कोणता होता, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मेंढीकोट घ्या. चार भिडू, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. मोल फक्त चार दश्श्यांना, त्यांनाच मेंढ्या म्हणायचं. तीन मेंढ्या घेतल्या की डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर सात हात कोणाचे ते बघायचं. चारही आल्या की कोट. गंमत अशी की जिच्यासाठी एवढा आटापिटा, ती दश्शी स्वतः दुबळी. एक्का, राजा, राणी, गुलाम, चौघेही तिला खातात.

समजा तुमच्या हातात बदामाची दश्शी आहे. एक्का आणि राजा पडून गेलेत, राणी अजून कुणाच्या तरी मुठीत आहे. मघाशी तुमच्या जोडीच्या भिडूनं बदामाची सत्ती टाकली, ती नाइलाजानं की राणी राखायची म्हणून? त्यानं राखली असेल तर तो बदामाची उतारी करेपर्यंत दश्शी दाबून धरायची, आणि कुणी हुकमानं कापणार नाही असा अंदाज बांधूनच त्याच्या राणीवर ती सोडायची. राणी उजवीकडच्याकडे असेल तर हीच दश्शी गळ्यातलं लोढणं. पान तेच असतं, पण दर हाताला त्याचा भाव बदलतो. वाटताना काय आलं ते नशीब. सातव्या हाताला कोणाकडे काय उरलंय हे ज्याला पाठ आहे, त्याच्या दुरी-तिरीलाही मात्र वजन येतं.

हा हिशेब इंग्रजी पत्त्यांच्या आधीपासूनचा आहे. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा, म्हणजे तेव्हाचे पत्ते, पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या गंजिफ्याचं वर्णन केलं: बारा रंग, प्रत्येकात बारा पानं. त्या खेळात अर्ध्या रंगांत वजिराखालोखाल दहाचं पान, उरलेल्या रंगांत वजिराखालोखाल एकाचं. म्हणजे एका रंगातलं बडं प्रस्थ दुसऱ्या रंगात तळाला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही हीच उलटापालट आहे. तिथे पानं १२०, तिघांत वाटायची, आणि कापायला हुकमाचा रंगच नाही. कोणत्या अवताराचं कोणतं पान पडलं हे ध्यानात नसेल तर खेळाडू आंधळाच. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही पानं रंगवण्याची कला मरता मरता वाचवली. चित्र वाचलं, पण खेळणारे फारसे उरले नाहीत. गंजिफा आता फ्रेममध्ये बसून भिंतीवर गेला.

कोकणात आणि मुंबईच्या चाळींत रमलेल्या तीनशे चार या पत्त्यांच्या खेळात तर गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला अवघे ३ आणि राणीला २. चार रंगांची बेरीज ३०४. राजाला गुलामाच्या दहाव्या हिश्श्यावर बसवणारा हा खेळ मला मनापासून आवडतो.

डोक्याचा खेळ आणि निव्वळ नशिबाचा खेळ यांतला फरक न्यायालयालाही कळला होता. १९६८ चा म्हणून ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा सत्यनारायण निकाल सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीबद्दल होता. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं हे ठरवावं लागतं, म्हणून रमीत कौशल्याचा भाग मोठा, असं न्यायालय म्हणालं. तीन पानांचा खेळ त्यानं वेगळा काढला. तीनपत्तीत शो होईपर्यंत पान उघडं पडतच नाही, मग लक्षात काय ठेवणार? समोरच्याचा चेहरा वाचता येतो, हे कबूल. पण चाल वाढत गेली की ज्याच्या खिशात कापसाचे पैसे जास्त, त्याची दुरीसुद्धा एक्क्याच्या तोऱ्यात फिरते.

शहरातली पोरं आता वेगळ्या पत्त्यांचा भाव करतात. रिचर्ड गारफिल्डनं १९९३ मध्ये ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ आणला. त्यातलं ‘ब्लॅक लोटस’ हे पान पहिल्याच फेरीला इतकं बळ देतं की स्पर्धांत त्याच्यावर बंधनं आली. बाजारात त्याचीच उत्तम प्रत लाखो डॉलरला जाते. डावातली किंमत एक, कपाटातली दुसरी. नव्वदीत कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं खेळलेल्यांना यात नवल वाटू नये. उंची बोलायची की वजन, यावर तेव्हा अख्खा कॅट हातचा जायचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी आणली, तीही कौशल्य की नशीब हे न विचारता. मोबाइलवर कर्ज काढून खेळणारी तरुण पोरं पाहता मला तो निर्णय योग्य वाटतो. पण हीच नजर पारावर लावू नये. तिथे अजून १८८७ चा जुगार कायदा आहे, आणि त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. आखाजीच्या नावानं झन्नामन्नाला पाठीशी घालणाऱ्यांनी आधी निदान मेंढीकोट मांडून दाखवावा. ग्रामपंचायतींनी उघड्यावर त्याचे सामने भरवावेत, पैसा न लावता. कोट बसलेल्या जोडीनं जिंकणाऱ्यांना आमरस आणि खापरावरची पुरणपोळी घालावी.