आतडी काढलेला कन्सोल

परवा इथे न्यू जर्सीत एकांकडे जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये बघतो तर मॅग्नावॉक्सचा स्टिरिओ कन्सोल! चांगला पाच फूट लांब, अक्रोडाचा रंग, ट्यूबच्या जमान्यातला. मी हावरटासारखं झाकण उघडलं. आत व्हिस्कीच्या बाटल्या. यजमान कौतुकाने म्हणाले, "रिस्टोअर करून घेतलाय." आणि जाळीमागून ब्लूटूथ स्पीकर गायला लागला.

याला रिस्टोअर म्हणायचं? मग वाडा पाडून त्याचा दरवाजा फ्लॅटला लावला की वाड्याचा जीर्णोद्धार झाला म्हणा की!

मंडळी, ही पेटी म्हणजे नुसतं फर्निचर नव्हे. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ एलपी बाजारात आल्या आणि रेकॉर्ड चेंजर, रेडिओ, ॲम्प्लिफायर, स्पीकर असं सगळं एकाच पेटीत घातलेले स्टिरिओ कन्सोल खपू लागले. मॅग्नावॉक्सच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये दर चॅनलला ६बीक्यू५ ट्यूबची जोडी असे. (आपल्याकडचे जुने मेकॅनिक याला व्हॉल्व्ह म्हणत.) ताकद जेमतेम दहा वॉटच्या आसपास. आजच्या हिशेबाने चिल्लर. पण समोर बारा-बारा इंची वूफर आणि हॉर्न, त्यामुळे तेवढ्यावर आख्खा हॉल भरतो. एकमेकांना धरून बांधलेली सिस्टिम आहे ती.

गोची अशी की ६बीक्यू५ म्हणजेच युरोपातली ईएल८४, व्हॉक्स एसी३० या प्रसिद्ध गिटार ॲम्पमधली. त्यामुळे गिटारवाले आणि हायफायवाले दोघेही टपलेले. बरेचदा सबंध कन्सोलपेक्षा सुट्या ॲम्प्लिफायरलाच जास्त भाव. मग काय, चासी उपटा, स्पीकर विका, खोक्याचा बार करा. ऑफिसात आपणही दुसरं काय करतो म्हणा. कोड वाचायचा कंटाळा, म्हणून "लेगसी आहे, रीराईट करू"!

दुसऱ्या टोकाला 'ओरिजिनल'वाले. आतल्या एका सुट्या भागाला हात लावू देणार नाहीत. त्यांच्यावर तर माझा जास्त राग आहे, कारण त्यांच्या नादाने मीच माझा साठ डॉलरचा कन्सोल घालवणार होतो. घरी आणला आणि उत्साहात थेट प्लग लावला. आधी नुसती घरघर, म्हणजे फिल्टर कपॅसिटर सुकलेले. मग एका ट्यूबची प्लेट लालभडक व्हायला लागली. प्लग खेचला म्हणून वाचलो. साठ वर्षांचा कपलिंग कपॅसिटर गळत होता. तो गळला की पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, ट्यूब भसाभस करंट खेचते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कपॅसिटर डॉलर-दोन डॉलरला मिळतो हो! तसा ट्रान्सफॉर्मर शोधत फिरा मग.

तेव्हा झिजणारं बदलायचं. कपॅसिटर, आयडलरचं कडक झालेलं रबर, पिकअपची सुई. ग्रीसचा डिंक झालेला असतो, तो खरवडायचा. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, लाकूड यांना उगाच छेडायचं नाही. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो, पेटी वाचते. आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट बसलेले असू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवून, मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नका. बायकोने मला दोनदा ओरडून हे पाठ करून घेतलंय.

मला चार शनिवार लागले. यजमानांना मी तेव्हा काहीच बोललो नाही, जेवण फारच छान होतं. पण निघताना विचारलं, "आतलं सामान कुठेय?" म्हणाले, गराजमध्ये, खोक्यात, अजून टाकलेलं नाही. येत्या शनिवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन जातोय. बाटल्या त्यांनी हलवायच्या, एवढंच ठरलंय.