'सायलेन्सर' : एका नावाची किंमत

हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले नळकांडे 'सायलेन्सर' म्हणून विकले आणि रहस्यकथांनी ते नाव शब्दशः खरे मानले. वस्तुतः शिकारी रायफलचा सुमारे १६० डेसिबलचा आवाज त्याने वीस-तीस डेसिबलनेच घटतो. ध्वनीहून वेगवान गोळीचा कडाड आवाज उरतोच. नॉर्वे-फिनलंडचे शिकारी कान वाचवण्यासाठी ते सर्रास वापरतात. अमेरिकेने १९३४ मध्ये त्यावर लादलेला २०० डॉलरचा कर थेट २०२६ मध्ये शून्यावर आला. शिकार नैतिक की अनैतिक, हा वाद जरूर व्हावा. परंतु गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. तिचा निवाडा कादंबरीतल्या निःशब्द मारेकऱ्याकडे पाहून होऊ नये, असे आमचे मत आहे. नावे तपासणे हे समीक्षेचेही काम आहे.