मिठातला ‘म’
मुलुंडच्या एका चाळीतल्या बालवाडीत परवा तासभर बसले. ताईंनी स्टीलच्या ताटात मीठ पसरलं आणि चार वर्षांच्या एका मुलीचं बोट धरून त्यात ‘म’ काढला. ताट हलवलं की अक्षर गुडूप, पुन्हा काढायचं. चुकण्याची भीतीच नाही. मग सगळ्यांनी ओठ मिटून ‘म्ऽऽ’ केलं, नाकाला बोट लावून थरथर अनुभवली. मणी, मटार, मुरमुरे चाचपले. मुरमुरे अर्थातच संपले. पाटी-पेन्सिल सर्वांत शेवटी. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी हेच केलं होतं: महागडी माँटेसरी साधनं परवडत नाहीत, तर शिंपले, बिया, खडे, पानं घ्या! त्या बोर्डीच्या जवळ, डहाणूपर्यंत आज आपली लोकल जाते. पण इथे उपनगरांत तीन वर्षांच्या मुलांना वही भरून अक्षरं गिरवायला लावतात, तेव्हा माझा जीव तुटतो. त्या वयात मनगटाची कितीतरी हाडं अजून कूर्चाच असतात हो! निघताना पाहिलं, ती मुलगी दारावरच्या पत्त्यातल्या ‘मुलुंड’मधला ‘म’ बोटाने गिरवत होती.