धनैषणा आणि घरबसल्या उत्पन्नाचे आमिष

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आहेत : प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. धनैषणेस दुसरे स्थान देताना आचार्यांनी कोणताही संकोच बाळगलेला नाही. साधनांवाचून दीर्घ आयुष्य कंठावे लागणे ही त्यांच्या मते मोठीच दुरवस्था आहे. म्हणूनच कृषी, पशुपालन, वाणिज्य, राजसेवा अशी सज्जनांनी न निंदिलेली साधने त्यांनी सुचविली. तेव्हा एखाद्या वैद्याने व्यवसायाच्या जोडीस उत्पन्नाचा दुसरा मार्ग शोधला तर त्यात गैर काही नाही. दवाखान्याचे भाडे, औषधद्रव्यांच्या वाढत्या किमती व मुलांचे शिक्षण यांचा मेळ घालताना होणारी ओढाताण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. प्रश्न धनाचा नसून मार्गाचा आहे.

अलीकडे हा मार्ग मोबाइलच्या पडद्यावरून थेट आपल्या टेबलापर्यंत येतो. ‘एकदा पैसे भरा, नंतर झोपेतही उत्पन्न सुरू राहील’ अशा आशयाचे निरोप येतात, ऑनलाइन सभांची निमंत्रणे येतात. या मंडळींना वैद्य विशेष प्रिय असतो, आणि त्याचे कारण उघड आहे. मंचरसारख्या गावात बाजार समितीतून कांद्या-बटाट्याची पट्टी हाती पडलेला शेतकरी, निवृत्तीची रक्कम मिळालेला शिक्षक, बचत गटातील भगिनी अशी सर्व मंडळी आपल्या दवाखान्यात येतात व आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात. योजनाकारास आपल्या दहा-वीस हजार रुपयांपेक्षा हा विश्वास अधिक मोलाचा वाटतो.

अशा योजनांची परीक्षा कशी करावी? त्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. सत्-असत् ठरविण्यासाठी त्याच अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. रुग्णाच्या बाबतीत आपण ती नित्य वापरतो. तीच येथेही लावावी.

प्रथम प्रत्यक्षाचा विचार करू. ‘माझ्या खात्यात पैसे जमा झाले, हे पाहा’ हा या योजनांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद असतो, आणि बहुधा तो खराही असतो. परंतु पैसे आले एवढेच त्यातून सिद्ध होते. ते कोठून आले हे दिसत नाही. ज्वर उतरला म्हणजे व्याधी गेला असे आपण मानत नाही. येथे अनुमान व युक्ती यांचे साहाय्य घ्यावे लागते.

स्पीक एशिया या ऑनलाइन योजनेचे उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. २०१० मध्ये ती आपल्या देशात पसरली. वर्षाचे ११,००० रुपये भरावयाचे, आठवड्यास दोन सर्वेक्षणांतील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आणि १,००० रुपये मिळवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. नवा सभासद आणल्यास निराळा लाभ असे. अकरा आठवड्यांत मुद्दल वसूल होऊन वर्षाकाठी ५२,००० रुपये मिळणार, हा हिशेब लक्षावधी लोकांना पटला. २०११ मध्ये देयके थांबली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला.

आता युक्ती लावून पाहू. ही सर्वेक्षणे मोल देऊन कोणी करवून घेत नसेल, तर एका सभासदाचे ५२,००० रुपये भागविण्यास जवळजवळ पाच नव्या सभासदांचे शुल्क लागते. त्या पाचांसाठी पंचवीस, पंचवीसांसाठी सव्वाशे. या गतीने दहाव्या फेरीस सुमारे ९८ लाख नवे सभासद हवेत. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. अर्भकापासून आजोबांपर्यंत सर्व जिल्हा सभासद झाला तरी ती एक फेरी पुरी होत नाही. ही संप्राप्ती पहिल्या दिवशीच कागदावर मांडता आली असती.

पुढे पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात आभासी चलनाचे नवे वस्त्र होते. गुंतविलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा देण्याचे आश्वासन होते. म्हणजे एकाचे १.८ व्हावयाचे. नंतर बिटकॉइनऐवजी योजनेचेच एमकॅप नावाचे आभासी नाणे सभासदांच्या हाती ठेवण्यात आले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी योजनेच्या प्रमुखास अटक केली. द्रव्य बदलले, संप्राप्ती तीच राहिली. आज एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम विकत घेऊन तोच इतरांस विकण्याचे दलाली-मार्ग दिसतात, तेथेही हाच प्रश्न विचारावा : नवे सभासद येणे आज थांबले, तर उद्या उत्पन्न राहील काय? उत्तर नकारार्थी असेल तर अधिक चिकित्सेची गरज नाही.

सर्वच ऑनलाइन उत्पन्न असत्य आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोणी वैद्य ग्रंथ लिहून तो ऑनलाइन विकतो, कोणी व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करतो; त्याचे मोल ज्ञान घेणारा देतो. येथे श्रम आधी व फळ नंतर असते, आणि फळाची निगाही राखावी लागते. आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातील हिरड्याचेच पाहा. झाड आपोआप फळते असे दूरून वाटते. परंतु आदिवासी बांधव उन्हात झाडावर चढून बाळहिरडा उतरवतात, वाळवतात, मग भावाची वाट पाहतात; आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या झाडांची मोठी हानी झाली. हरीतकीचे उत्पन्नही जेथे बसून मिळत नाही, तेथे दरमहा १० टक्के बसून कसे मिळावेत?

राहिला आप्तोपदेश. सांगणारा आप्त आहे काय? याच अध्यायाच्या उत्तरार्धात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. छद्मचर हा केवळ उपकरणे व वेष यांच्या बळावर वैद्य म्हणून मिरवतो. सिद्धसाधित हा नामवंतांच्या नावावर आपली प्रतिष्ठा चालवितो. जीविताभिसर तोच खरा वैद्य. भाड्याची मोटार, परदेशी सहलींची छायाचित्रे व तारांकित हॉटेलातील व्यासपीठ ही छद्मचराची उपकरणे होत. ‘अमुक डॉक्टरही आमच्यात आहेत’ हे सिद्धसाधिताचे वाक्य होय. आणि आपण सभासद झालो की ते नाव आपले असते, हे आपण कधीही विसरू नये.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ पासून आहे आणि अशी योजना चालविण्याबरोबरच तिचा सभासद होण्यासही त्यात मनाई आहे. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीविषयक नियमांनीही पिरॅमिड योजनांना मज्जाव केला आहे. ‘आम्ही केवळ सभासद होतो’ हा बचाव त्यामुळे दुबळा ठरतो. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी.

परंतु कायद्याहून मोठी बाब निराळी आहे. व्यापाऱ्यास ग्राहक नकार देऊ शकतो. नाडी वैद्याच्या हाती असलेला रुग्ण तसा सहज नकार देऊ शकत नाही. वैद्यांचा रोष ओढवू नये, पुढच्या वेळी औषध नीट मिळावे, या भावनेने तो पैसे भरतो. ही संमती खरी नव्हे. योजना बुडाली की त्याचे पैसे जातात, आणि संकोचाने तो दवाखान्याची पायरी चढणे सोडतो. त्याची चिकित्साही खंडित होते. धनैषणेच्या मागे लागून दुसऱ्याच्या प्राणैषणेस धक्का लावण्याचा हा प्रकार आहे, आणि आचार्यांनी प्राणैषणेस प्रथम स्थान दिले आहे.

म्हणून वैद्य बंधु-भगिनींना आमचे नम्र आवाहन आहे. योजना कोणतीही असो, पैसा कोठून येतो हे कागदावर मांडल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. आणि योजना अगदी वैध असली तरी आपल्या रुग्णास तिचा सभासद करू नये. त्याने आपल्या हाती दिलेली नाडी निदानासाठी आहे.