शेवटच्या ओळीत आकडे नाहीत

कुठल्याही जुन्या संघाची माहिती वाचायला घेतली की शेवटी एक लांबलचक तक्ता येतो. हंगाम, जिंकलेले सामने, हरलेले सामने, कितवा क्रमांक, अंतिम फेरीत काय झालं. फोनवर वाचत असू तर अंगठ्याचा एक झटका देऊन आपण तो मागे टाकतो. परवा मी थांबले. संघ अमेरिकेतल्या बेसबॉलचा, तोही दुय्यम लीगमधला. नाव पॉटकेट रेड सॉक्स, लोक लाडाने म्हणायचे ‘पॉसॉक्स’. वरच्या दर्जाच्या लीगमधला त्यांचा हिशेब १९७३ पासून सुरू होतो आणि वर्षामागून वर्ष खाली येत २०२० वर थांबतो. त्या ओळीत विजय किती, पराभव किती, काहीच नाही. आज त्या तक्त्याचीच गोष्ट.

आधी हे दुय्यम लीग म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत मोठ्या लीगमध्ये ३० संघ. प्रत्येकाच्या हाताखाली लहान शहरांमधले काही संघ असतात, पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले. सगळ्यात वरची पायरी ‘ट्रिपल-ए’. खेळाडूंचा करार आणि पगार मोठ्या संघाकडे. मैदान, तिकिटं, खाण्याचे स्टॉल, दिवे, शौचालयं हे सगळं स्थानिक मालकाकडे. आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात? बेसबॉलचा चेंडू कधी हातात न घेतलेली उत्तर प्रदेशातली ही दोन मुलं २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून अमेरिकेत गेली, त्यांच्यावर पुढे सिनेमाही निघाला. ती दोघं २००९ मध्ये खेळली ती याच जिन्याच्या तळाच्या पायरीवर.

या व्यवस्थेत एक गंमत आहे आणि थोडं दुःखही. तुमच्या गावचा खेळाडू चांगला खेळायला लागला, की वरून फोन येतो आणि तो जातो. ऐन हंगामात, कधी कधी ऐन अंतिम फेरीच्या तोंडावर. रणजीतला फलंदाज भारतीय संघात गेला तर आपण पेढे वाटतो, पण इथे हे दर आठवड्याला चालतं. त्यामुळे जिंकण्या-हरण्याच्या रकान्यांवरून अशा संघाबद्दल फारसं कळत नाही. खेळाडू येतात आणि जातात. जागेवर राहतं ते मैदान, मालक आणि तिकीट काढणारी माणसं.

पॉटकेट हे ऱ्होड आयलंड राज्यातलं शहर. राज्य आकाराने साधारण आपल्या गोव्याएवढं, अमेरिकेतलं सगळ्यात लहान. शहराची वस्ती सुमारे ७५ हजार. अमेरिकेतला कापूस-उद्योग इथे जन्मला. सॅम्युअल स्लेटर नावाचा इंग्रज कारागीर सूतकताईच्या यंत्रांची माहिती डोक्यात साठवून आला आणि १७९३ मध्ये इथल्या नदीकाठी गिरणी उभी राहिली. ती इमारत आजही आहे. विसाव्या शतकात गिरण्या दक्षिणेकडे गेल्या आणि शहराला उतरती कळा लागली. त्या पडत्या काळातच, १९४२ मध्ये, एका दलदलीत भर घालून मॅककॉय स्टेडियम बांधलं गेलं. अशा जागी स्टेडियम कोण बांधतं, असं लोक म्हणत. पुढे त्याला ते बांधण्याचा हट्ट धरणाऱ्या महापौरांचंच नाव मिळालं.

बॉस्टन रेड सॉक्स हा मोठा संघ इथून ६५ किलोमीटरवर. त्यांचा ट्रिपल-ए संघ १९७३ मध्ये पॉटकेटला आला आणि पहिल्याच वर्षी लीगचा करंडक घेऊन मोकळा झाला. पुढच्या वर्षी जिम राइस या तरुण फलंदाजाने सरासरी, होम रन आणि धावा काढून देणं या तिन्ही याद्यांमध्ये पहिला नंबर पटकावला. ही दुर्मिळ गोष्ट. मग साहजिकच तो बॉस्टनला गेला.

तक्त्यात ही दोन वर्षं झोकात दिसतात. प्रत्यक्षात स्टँड रिकामे होते, मैदानाची देखभाल नव्हती आणि मालकाकडे पैसे नव्हते. त्याने १९७६ मध्ये संघाचं नाव बदलून ‘ऱ्होड आयलंड’ करून पाहिलं. नाव बदलून कधी कुणाचं कर्ज फिटलंय? हंगाम संपता संपता दिवाळं वाजलं. लीगने संघ दुसऱ्या एका व्यावसायिकाला दिला. त्याने पुन्हा नाव बदललं आणि संघ शेजारच्या राज्यातल्या वुस्टर या शहरात हलवायचा विचार सुरू केला. वुस्टर हे नाव लक्षात ठेवा. दोनच महिन्यांत, अटी पाळल्या नाहीत म्हणून लीगने त्याच्याकडूनही संघ काढून घेतला.

आणि मग १९७७ मध्ये बेन मोंडोर आले.

मोंडोर मूळचे कॅनडातल्या फ्रेंच भाषक घरातले, वाढले ऱ्होड आयलंडच्याच गिरणी-वस्तीत. कापड धंद्यात पैसा कमावून निवृत्त झालेले. बेसबॉलशी संबंध म्हणाल तर सामान्य प्रेक्षकाएवढा. त्यांनी जुनं नाव परत आणलं, माईक टॅम्बुरो या तरुणाला हाताशी धरलं आणि सगळ्यात आधी झाडलोट काढली. स्वच्छतागृहं धुवून घेतली, दारू पिऊन शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला, तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंग फुकट. आई-वडील, आजी-आजोबा आणि पोरंटोरं एकत्र येऊन बसू शकतील, एवढंच त्यांना हवं होतं. पहिल्या हंगामात संघाने लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे ८० सामने जिंकले आणि अंतिम फेरीत सपाटून मार खाल्ला. अख्ख्या हंगामात प्रेक्षक आले सुमारे ७० हजार, म्हणजे एका सामन्याला सरासरी हजारभर. मोंडोर तरी टिकून राहिले.

आता १९८१ ची ओळ बघा. ६७ विजय, ७३ पराभव. तक्त्यावरून नजर फिरवणारा इथे थांबणारच नाही. पण पॉटकेटचं नाव जगभर गेलं ते याच वर्षी.

१८ एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवसाची रात्र. समोर रॉचेस्टरचा संघ. दिव्यांत बिघाड, म्हणून सामना अर्धा तास उशिरा, ८ वाजून २५ मिनिटांनी सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात आणि बरोबरी चालत नाही, निकाल लागेपर्यंत खेळायचं. नऊ इनिंग झाल्या, १-१. दहा झाल्या, पंधरा झाल्या, वीस झाल्या. गारठा असा, की मोडक्या बॅटी पिंपात टाकून खेळाडू शेकत बसले. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि पॉटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली. घरच्याच प्रेक्षकांनी त्याला मनातल्या मनात काय म्हटलं असेल!

रात्री १२ वाजून ५० मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा लीगचा नियम होता. पण पंचांकडच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत नेमका तोच गळला होता. पंच पुस्तिकेला चिकटून राहिले. लीगच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं व्हायला पहाट उजाडली. ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंग झाल्यावर, २-२ वर खेळ थांबला. तेव्हा स्टँडमध्ये १९ माणसं उरली होती. मोंडोरनी त्यांना पुढच्या सामन्यांचे मोफत पास दिले.

एक किस्सा अजून सांगतात. पॉटकेटचा गोलंदाज लुईस अपाँटे आपलं काम आटोपून पहाटे तीनला घरी गेला. बायकोने दार उघडेना. इतका वेळ कुठे होतास? मैदानावर. पहाटे तीनपर्यंत? आणि दुर्दैव असं, की इतक्या उशिरा थांबलेल्या सामन्याची बातमी रविवारच्या पेपरात येणं शक्यच नव्हतं.

उरलेला सामना २३ जूनला ठरला. तोवर मोठ्या लीगमधल्या खेळाडूंचा संप सुरू झाला होता, त्यामुळे देशभरचे पत्रकार पॉटकेटला लोटले. स्टेडियम भरलं. सामना संपला १८ मिनिटांत. तेहेतिसाव्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट ३-२ ने जिंकलं. एकूण खेळ ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सगळ्यात लांब सामना. त्या रात्री मैदानावर असलेले वेड बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन पुढे या खेळाच्या मानाच्या दालनात गेले. विजयी फटका मारणारा कोझा मात्र मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. तक्त्यातल्या त्या ६७ विजयांमध्ये हाही एक, बाकीच्या ६६ सारखाच.

यानंतरच्या वीस-पंचवीस ओळी मी भराभर वाचल्या. १९८४ मध्ये करंडक, मग मोठा दुष्काळ. २००० मध्ये जपानचा तोमोकाझू ओका आणि २००३ मध्ये ब्रॉन्सन अरोयो यांनी समोरच्या एकाही फलंदाजाला पहिल्या तळावर पोहोचू न देता सामने जिंकून दिले. पण या वर्षांतली खरी गोष्ट दुसऱ्याच रकान्यात आहे, प्रेक्षकसंख्येच्या. ती चढत चढत गेली. स्टेडियम १९९९ मध्ये वाढवून दहा हजारांवर आसनांचं झालं. २००५ च्या हंगामात प्रेक्षक आले ६ लाख ८८ हजार ४२१. शहराच्या वस्तीच्या नऊपट! मोंडोरनी सुरुवात केली होती ती ७० हजारांवर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तर कुठल्याच रकान्यात नाही. मॅककॉयमध्ये खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पायाखाली, मैदानाच्या पातळीवर होती. म्हणजे सही घ्यायला हात पोहोचायचा नाही. मग मुलांनी युक्ती काढली. दुधाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, बाजूने कापायचा, आत चेंडू आणि पेन ठेवायचं आणि दोरी बांधून वरून खाली सोडायचा. मासे पकडावेत तसा. खाली बसलेला खेळाडू सही करून दोरीला हिसका देणार. आज सही करणारा उद्या बॉस्टनला जाऊन देशात गाजेल की घरी परत जाईल, हे दोरी धरणाऱ्याला माहीत नसायचं. सही करणाऱ्यालाही नाही.

मोंडोर ऑक्टोबर २०१० मध्ये गेले, ८५ वर्षांचे होऊन. त्यानंतर २०१२ मध्ये संघाने २८ वर्षांनी करंडक जिंकला, २०१३ ला अंतिम फेरीत हरला आणि २०१४ ला पुन्हा जिंकला. नुसते विजय मोजले तर सोन्याचा काळ हाच.

आणि नेमकं त्याच सुमाराला सगळं विस्कटायला लागलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मोंडोर यांच्या पत्नीने आणि भागीदारांनी संघ विकला. नव्या मालकांना मॅककॉय नको होतं. आधी शेजारच्या प्रॉव्हिडन्समध्ये नवं स्टेडियम बांधायचा घाट घातला, तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला. मग पॉटकेटमध्येच, त्या जुन्या गिरणीजवळ, ८ कोटी ३० लाख डॉलरच्या स्टेडियमची योजना आली. त्यातले साडेचार कोटी संघ देणार आणि बाकीचे राज्य आणि शहर.

इथे राज्यातल्या लोकांना निव्वळ कंजूष म्हणता येणार नाही. काही वर्षांपूर्वीच राज्याने कर्ट शिलिंग या बॉस्टनच्या माजी खेळाडूच्या व्हिडिओ गेम कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि कंपनी २०१२ मध्ये बुडाली. दुधाने तोंड पोळलं होतं, त्यामुळे विधिमंडळात प्रत्येक जण ताक फुंकून पीत होता. चर्चा लांबली, योजनेतली हमी बदलली आणि १७ ऑगस्ट २०१८ ला मालकांनी जाहीर केलं, की संघ वुस्टरला जाणार. तेच वुस्टर. ४१ वर्षांपूर्वी टळलेलं स्थलांतर आता होणार होतं. आणि जे मालक म्हणत होते की मॅककॉय जुनं झालंय, ते खोटं नव्हतं. तरीही मला वाटतं, मोंडोर असते तर त्यांनी आधी पाण्याचे पाइप दुरुस्त करून घेतले असते.

ठरलं असं, की २०२० चा हंगाम निरोपाचा. जुने खेळाडू येतील, दोऱ्या लावलेले कॅन शेवटचे खाली सुटतील. तो हंगाम कोरोनाने रद्द केला. म्हणून ती ओळ रिकामी.

त्या उन्हाळ्यात संघाने एक केलं. मैदानातच, हिरवळीवर, लांब लांब टेबलं मांडली आणि लोकांना जेवायला बोलावलं. आयुष्यभर स्टँडमधून पाहिलेल्या जमिनीवर माणसं पहिल्यांदाच पाय ठेवत होती. आरक्षणं भराभर भरली.

वुस्टरचं नवं स्टेडियम मे २०२१ मध्ये उघडलं. पॉटकेटच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅककॉयच्या जागी मोठी शाळा बांधायला पैसे मंजूर केले आणि २०२५ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्याच वर्षी शहरात नदीकाठी एक नवं स्टेडियमही उघडलं, ते फुटबॉलचं. तिथे नव्या संघाचा तक्ता सुरू झाला आहे.